चित्रगुप्ताच्या दफ्तरात वजावट नाही

मनुष्य नोकरीत असतो तोपर्यंत त्याला स्वर्गाचा विचार करण्यास सवड नसते आणि नरकाचा विचार करण्याची गरज नसते. कारण पहिला त्याला रविवारी दुपारी जेवणानंतर दोन तास लाभतो आणि दुसरा सोमवारपासून कचेरीत नियमितपणे उपलब्ध असतो. परंतु एकदा का सेवानिवृत्तीचा हुकूम हाती पडला, ज्यांनी जन्मभर आपली गाऱ्हाणी वरिष्ठांच्या कानी घातली त्यांनीच निरोपसमारंभात आपले गुणसंकीर्तन केले आणि शाल-श्रीफळ घेऊन आपण घरी परतलो, म्हणजे परलोकाचा विषय ओघानेच पुढे येतो. माझी उभी हयात सरकारी कोषागारात, म्हणजे दुसऱ्यांचा पैसा मोजण्यात गेली. आता मुलाच्या आग्रहास्तव ब्रिस्टल शहरी मुक्काम आहे, नोव्हेंबर चालू आहे, सायंकाळी सव्वाचारच्या सुमारास सूर्य आपले दफ्तर बांधून निघून जातो, आणि उरलेल्या दीर्घ रात्री स्वर्ग-नरकाच्या हिशेबाची तपासणी करण्यावाचून दुसरे काम मला कोणी सोपवलेले नाही.

तपासणीचा आरंभ नरकापासून करणे रीतीला धरून आहे, कारण नरकाची कागदपत्रे स्वर्गापेक्षा कितीतरी व्यवस्थित ठेवलेली आढळतात. स्वर्गाचे वर्णन करताना आमचे पुराणकर्ते नंदनवन, कल्पवृक्ष, ऐरावत आणि अप्सरा एवढी मोजकी जिंदगी सांगून मोकळे होतात. पण नरकाकडे वळले की त्यांच्या लेखणीला अवसान चढते. भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या अखेरीस अठ्ठावीस नरकांची जी जंत्री आहे, तिच्यात नरकाचे नाव, तेथे पाठवण्याजोगा गुन्हा आणि तेथे द्यावयाची शिक्षा ही तिन्ही कलमे इतकी चोख लिहिली आहेत, की फौजदारी कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी ती एकदा नजरेखालून घालावी. जत्रेत विकायला येणाऱ्या चित्रांत आपण कढया, करवती आणि रेड्यावर बसलेले यमराज तेवढे पाहतो, त्यामुळे नरक म्हणजे सरसकट तळणे असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः तळण्याचे खाते कुंभीपाकाकडे. कृपण धनिकासाठी सूचीमुख नावाचा स्वतंत्र नरक असून तेथे यमदूत सुईदोरा घेऊन त्याच्या सर्वांगाला टाके घालतात; आणि पर्यावर्तन नावाचा जो नरक आहे तो तर दारी आलेल्या अतिथीकडे डोळे वटारून पाहणाऱ्या गृहस्थासाठीच राखून ठेवला आहे. तेथे गिधाडे आणि कावळे त्याचे ते डोळे उपटून काढतात.

हे कलम वाचल्यापासून मला ब्रिस्टलच्या रहिवाशांचा हेवा वाटू लागला आहे. येथे पाहुणा कित्येक दिवस आधी विचारून घेतो, ठरल्या वेळी येतो, ठरल्या वेळी उठतो आणि घरी पोचल्यावर आभाराचे पत्र धाडतो. यजमानाला डोळे वटारण्याची संधीच मिळत नाही. असा मनुष्य पर्यावर्तनाच्या दारी गेला तरी तेथील कारकून त्याला पुराव्याअभावी परत पाठवील. उलट आमच्याकडे मे महिन्याच्या सुटीत सहकुटुंब उतरलेल्या नातलगांकडे, तिसऱ्या आठवड्यात आंबे संपल्यावर, ज्या नजरेने पाहिले जाते ती चित्रगुप्ताने टिपून ठेवली असेल, तर त्या खात्यात गिधाडांची जादा भरती करावी लागेल. मद्यपानाचेही तसेच. हा सारा मुलूख सफरचंदाच्या दारूसाठी, म्हणजे सायडरसाठी प्रसिद्ध. पण अयःपान नावाच्या नरकात तापलेल्या लोखंडाचा रस पाजण्याची जी तरतूद आहे तिचा रोख व्रतस्थ असून मद्य पिणाऱ्यांवर आहे, आणि शनिवारी रात्री बंदराच्या काठाने एकमेकांच्या आधाराने जाणारे तरुण व्रतस्थ आहेत असा आरोप त्यांचा शत्रूही करणार नाही.

स्वर्गाचे प्रकरण मात्र मुदतीच्या कलमापाशी येऊन अडते. आपल्या स्वर्गात कायम नेमणूक कोणालाच नाही. पुण्याची शिल्लक सरली की मर्त्यलोकी रवानगी. ययाती असाच खाली ढकलला गेला. आणि नहुष तर प्रत्यक्ष इंद्रपदाचा हंगामी कार्यभार सांभाळीत असता, पालखी वाहणाऱ्या अगस्त्य ऋषींना लाथ मारून, अजगर होऊन पृथ्वीवर पडला. नरकालाही हाच नियम: शिक्षेची मुदत भरली की सुटका. ख्रिस्ती परंपरेत दोन्हीकडचा मुक्काम अनंत काळाचा सांगितला आहे. ज्याने जन्मभर सेवापुस्तके हाताळली त्याला अनंत काळाची शिक्षा बेकायदेशीर वाटावी हे साहजिक आहे. पण मला अनंत काळाच्या स्वर्गाची धास्ती त्याहून अधिक वाटते, कारण तशा स्वर्गाचा मी सध्या अनुभव घेत आहे. मुलाच्या घरी धूळ नाही, डास नाहीत, वीज जात नाही, नळाला अष्टौप्रहर पाणी असते आणि तेही हवे तसे गरम. शेजारी कधी भांडत नाही. तो कुंपणापलीकडून हवेविषयी एक वाक्य बोलतो, मी त्याच्याशी सहमत होतो, आणि पुढील संभाषण हवा बदलेपर्यंत तहकूब होते. सूनबाई न मागता सर्व काही हाती देते, त्यामुळे मागण्यासारखे काही उरत नाही आणि तक्रार करण्यासारखे त्याहून नाही. हे असेच युगानुयुगे चालणार असे कोणी सांगितले, तर मी स्वखुशीने रौरव नरकात बदली मागून घेईन.

आमच्या सौभाग्यवतींपुढे मी एकदा कल्पवृक्षाचे साग्र वर्णन केले, तेव्हा त्यांनी हातातले विणकाम खाली न ठेवता विचारले, "अहो, पण तिथे चहा मिळतो का?" मी पुराणे आठवून पाहिली. अमृत आहे, सोमरस आहे, कामधेनूचे दूधही आहे. चहापत्तीचा उल्लेख मात्र कोठे नाही. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि शेकडो ऋषींनी वायुभक्षण करून मिळवलेले ते स्थान तीन शब्दांत निकालात निघाले.

मी या लोकी आहे की त्या लोकी, हा प्रश्नही माझ्या बाबतीत निव्वळ तात्त्विक नाही. पेन्शनर मनुष्याला दरसाल नोव्हेंबरात हयातीचा दाखला सादर करावा लागतो, ही गोष्ट ज्ञात आहेच. आपण जिवंत आहो असे स्वतःच सांगणे पुरेसे होत नाही. कारण या बाबतीत जिवंत मनुष्याची साक्ष पक्षपाती असते असे सरकारचे मत आहे, आणि मी त्या खुर्चीवर बसत होतो तेव्हा माझेही तेच मत होते. त्यासाठी तिऱ्हाइताची सही लागते, शिक्का लागतो, आणि तो कागद सात समुद्र ओलांडून वेळेत पोचला नाही तर पुढील महिन्यापासून मनुष्य हिशेबापुरता मृत होतो. यमराजाने कोणाकडे असा कागद मागितल्याचे ऐकिवात नाही. त्याचे खाते आमच्या खात्याच्या पुढे आहे ते एवढ्याच बाबतीत.

ब्रिस्टल शहराला स्वर्ग-नरकाच्या विषयाचा अनुभव जुना आहे. १७३९ च्या फेब्रुवारीत शहराबाहेर किंग्जवूड येथे कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांपुढे जॉर्ज व्हाइटफील्ड नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने उघड्या आभाळाखाली प्रवचने केली, आणि ती ऐकताना त्यांच्या काळवंडलेल्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ वाहू लागल्याचे त्याने नमूद करून ठेवले आहे. दिवसभर जमिनीच्या पोटात, अंधारात, आगीच्या भयात वावरणाऱ्या त्या लोकांना नरक समजावून सांगण्यास फार वक्तृत्व लागले नसावे. त्यांना नवल वाटले असेल ते स्वर्गात आपल्यालाही जागा असू शकते हे ऐकून. त्याच वर्षी त्याचा स्नेही जॉन वेस्ली येथे आला, आणि त्याने बांधलेले 'न्यू रूम' हे मेथडिस्ट पंथाचे जगातील सर्वांत जुने प्रार्थनामंदिर आज ब्रॉडमीडच्या बाजारपेठेत, दुकानांच्या गर्दीत, तग धरून उभे आहे. पुढे या दोघा स्नेह्यांचे बिनसले. व्हाइटफील्डचे म्हणणे असे, की स्वर्गात कोणी जावयाचे हे ईश्वराने आधीच ठरवून ठेवलेले आहे. वेस्लीचे म्हणणे असे, की ईश्वराची कृपा सर्वांना खुली आहे. या वादावर इतके कागद खर्ची पडावेत याचे मला आश्चर्य वाटते. आपल्याकडे नोकरीसाठी ज्याने एक जरी मुलाखत दिली आहे त्याला हे दोन्ही पक्ष एकाच वेळी खरे असू शकतात हे अनुभवाने ठाऊक असते: जाहिरात सर्वांना खुली असते आणि नाव आधीच ठरलेले असते.

नरकाचे प्रत्यक्ष दर्शन ज्याला घ्यावयाचे असेल त्याने कॉलेज ग्रीनवरील कॅथीड्रलमध्ये जावे. तेथे एक कोरीव शिळा आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे नॉर्मन लोक इंग्लंडात येण्याच्याही आधीची. तिचा शोध लागला त्याची हकिकत मजेदार आहे. १८३१ साली मतदानाच्या सुधारणेचे विधेयक उमरावांच्या सभेने फेटाळले आणि त्याविरुद्ध मते देणाऱ्यांत बिशपमंडळींचा भरणा होता, तेव्हा चिडलेल्या ब्रिस्टलकरांनी ऑक्टोबरात दंगा करून येथील बिशपचा वाडा जाळला. जी आग धर्माधिकारी पिढ्यान्‌पिढ्या परलोकी दाखवीत आले ती प्रथमच त्यांच्या दिवाणखान्यात लागली. त्या जाळपोळीनंतर दुरुस्ती चालू असता फरशीखाली ही शिळा सापडली. क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात ख्रिस्त नरकात उतरला आणि तेथे खितपत पडलेल्या जिवांना त्याने सोडवले, अशी जी जुनी श्रद्धा आहे ती तिच्यावर कोरली आहे. हातात क्रूस, पायाखाली सैतान, आणि खालून वर येऊ पाहणारे चिमुकले जीव. कसलाही अर्ज नाही, शिफारस नाही, चौकशी समिती नाही. एका हुकमाने आम माफी. त्या शिळेपुढे मी बराच वेळ उभा राहिलो, आणि मला आमचा युधिष्ठिर आठवला. स्वर्गात पोचल्यावर त्याला तेथे दुर्योधन विराजमान दिसला, आणि भाऊ व द्रौपदी नरकात; तेव्हा तो त्या दुर्गंधीत उभा राहून म्हणाला की मी येथेच राहतो, माझ्या असण्याने यांना बरे वाटते. दोन्ही धर्मांच्या कथांत थोर पुरुषाचा एक अत्यंत थोर क्षण नरकात घडला आहे, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. स्वर्गात कोणी काही थोर केल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. तेथील सर्वोच्च अधिकारी तर आपली खुर्ची जाईल या धास्तीने तप करणाऱ्यांकडे अप्सरा पाठवण्यात सदैव गुंतलेला असतो.

युधिष्ठिराच्या त्याच कथेत इंद्राने हिशेबाचा एक नियम सांगितला आहे, जो मला कोषागाराच्या नियमपुस्तकाइतकाच पटतो. ज्याची पापे अधिक त्याला स्वर्ग आधी भोगावा लागतो आणि नरक मागाहून. ज्याचे पुण्य अधिक त्याने नरक आधी उरकून घ्यावयाचा. म्हणजे दोन्ही बाजू स्वतंत्रपणे भोगावयाच्या. पुण्यातून पाप वजा करून बाकी काढण्याची सवलत नाही. सरकारी हिशेबातही जमेची रक्कम परस्पर खर्चाला लावता येत नाही; जमा पुरी दाखवा, खर्च पुरा दाखवा. इंद्राच्या या नियमाचा खरेपणा मला ब्रिस्टलच्या भर चौकात पटला.

एडवर्ड कोल्स्टन हा या गावचा सतराव्या शतकातील व्यापारी. त्याने येथे शाळा चालवल्या, निराधार वृद्धांसाठी निवारे बांधले, गावाला सढळ हाताने दान दिले. त्याच्या संपत्तीचा एक मोठा झरा रॉयल आफ्रिकन कंपनी हा होता, तिचा तो उपप्रमुखही होता. आणि त्याचा संबंध होता त्या काळात या कंपनीने सुमारे ८४,००० आफ्रिकी स्त्रिया, पुरुष आणि मुले गुलाम म्हणून समुद्रापार नेली, त्यांपैकी सुमारे १९,००० वाटेतच मेली, असा अंदाज आहे. १८९५ साली नागरिकांनी त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला आणि खाली तो मोठा सद्गुणी सुपुत्र असल्याचे लिहून टाकले. गावाने वजावट करून दिली होती: शाळा वजा गुलाम, बाकी सद्गुण. सव्वाशे वर्षे त्याने चौथऱ्यावरचा स्वर्ग भोगला. मग ७ जून २०२० रोजी जमावाने दोर लावून पुतळा पाडला, फरफटत बंदरावर नेला आणि पाण्यात लोटून दिला. आणि ते स्थळ कोणते, तर नेव्हिस बेटावरून गुलाम म्हणून या गावी आणलेल्या पेरो नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ ज्याचे नाव ठेवले त्या पुलाजवळ. गरुडपुराणाप्रमाणे यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी नदी तरून जावयाची तर गोदान केलेले असावे लागते. कोल्स्टनने पुष्कळ दाने केली, पण उपयोगाचे तेवढे राहिले. चार दिवसांनी त्याला पाण्याबाहेर काढण्यात आले. सांप्रत तो एम शेड या संग्रहालयात, अंगावरच्या रंगाच्या फराट्यांसह, आडवा निजलेला पाहावयास मिळतो: स्वर्गातून काढलेला, नरकात न ठेवलेला, आणि मधल्या मधे सर्वांना दाखवलेला.

या सगळ्यात ज्या एका पुरुषाला स्वर्गाविषयी बोलण्याचा खरा अधिकार होता, तोही याच गावी विसावला आहे. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटन येथे वारले. दिल्लीच्या बादशहाने 'राजा' हा किताब देऊन आपला वकील म्हणून त्यांना विलायतेस पाठवले होते. समुद्र ओलांडल्यामुळे सनातन्यांच्या मते ते नरकाचे धनी. ख्रिस्ताचा उपदेश घेतला पण त्याचे देवपण घेतले नाही म्हणून मिशनऱ्यांच्या मतेही तेच. विल्यम ॲडम नावाचा एक मिशनरी त्यांच्याबरोबर शुभवर्तमानाचे भाषांतर करावयास बसला आणि त्यांच्या संगतीत स्वतःच मत बदलून बसला. तेव्हा लोक त्याला दुसरा पतित आदम म्हणू लागले. मरतेसमयी राममोहनांच्या अंगावर जानवे होते, आणि त्यांचे दफन कोणत्याही धर्माचा मंत्र न म्हणता निःशब्दपणे झाले. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी त्यांची शवपेटी आर्नोस व्हेल येथील स्मशानभूमीत हलवून तिच्यावर आपल्याकडच्या धर्तीची दगडी छत्री उभारवली. आज त्या स्मशानभूमीत उपाहारगृह आहे आणि तेथे लग्नेही लागतात. छत्रीचे दर्शन घेतल्यावर सौभाग्यवतींनी तेथे पेलाभर चहा घेतला, आणि स्वर्गापेक्षा ही जागा सोयीची असल्याचा शेरा मारला.

राममोहनांचा स्वर्गाशी झगडा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पतीबरोबर जळणाऱ्या स्त्रीला मनुष्याच्या अंगावर जितके केस तितकी, म्हणजे साडेतीन कोटी वर्षे स्वर्ग मिळतो, असे तिला सांगितले जाई. १८१८ साली त्यांनी सतीचा कैवारी 'प्रवर्तक' आणि तिचा विरोधक 'निवर्तक' यांचा संवाद लिहून या वचनाला शास्त्रानेच उत्तर दिले: स्वर्गाच्या आशेने केलेले कर्म हे काम्य कर्म, आणि काम्य कर्म गीता-उपनिषदांनी हलके ठरवले आहे. बंगालच्या दायभाग कायद्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क पोचत होता, हेही त्यांच्या दृष्टीतून सुटले नाही. माझ्यासारख्या हिशेबनिसाला ती खतावणी लगेच वाचता येते: साडेतीन कोटी वर्षांचा स्वर्ग वहिनीच्या नावे, जमीन दिरांच्या नावे. १८२९ मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला; सनातन्यांनी त्याविरुद्ध थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली, आणि १८३२ मध्ये ती फेटाळली गेली तेव्हा राममोहन लंडनमध्येच होते. त्या अर्जदारांपैकी एकानेही साडेतीन कोटी वर्षांच्या त्या स्वर्गासाठी स्वतःचे नाव नोंदवले नव्हते.

एवढ्या तपासणीनंतर माझा अहवाल आटोपशीर आहे. स्वर्ग आहे की नाही याविषयी कागदोपत्री पुरावा अपुरा असल्याने निर्णय राखून ठेवला आहे. नरक मात्र ठिकठिकाणी मनुष्यांनी स्वखर्चाने चालवल्याचे दिसून येते, आणि तो बहुधा दुसऱ्याला स्वर्ग देऊ करणाऱ्यांनीच उघडलेला असतो. गुलामांच्या व्यापाऱ्यांचे कैवारीही हेच म्हणत, की या निमित्ताने त्या बिचाऱ्यांच्या आत्म्याचे कल्याण होते. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की कोणी गृहस्थ, पुढारी वा महाराज आपल्याला स्वर्गाची सनद देऊ लागले, तर त्यांना आदरपूर्वक बसवावे, चहा द्यावा, पर्यावर्तनाचे कलम स्मरून डोळे मुळीच वटारू नयेत, आणि आपण स्वतः तिकडे कधी निघणार असे विचारावे. उत्तर तोंडी घेऊ नये. तारीख घालून, सहीनिशी, लेखी घ्यावे.